चार विरुद्ध दोन : रग्बी लीगच्या दुसऱ्या श्रेणीतला २०१८ चा हंगाम आणि त्याच्या आगेमागे लागलेले निकाल

रविवार, ७ ऑक्टोबर २०१८. कॅनडातल्या टोरोंटो शहरात, लॅम्पोर्ट स्टेडियमवर रग्बी लीगचा एक सामना झाला. निकाल असा : टोरोंटो वुल्फपॅक २, लंडन ब्रॉन्कोज ४.

फुटबॉल बघणाऱ्याला हा आकडा चांगला भरगच्च वाटेल. रग्बी लीगमध्ये मात्र एकेका संघाचे वीस-तीस गुण होणं रोजचंच. त्यामुळे चार-दोन म्हणजे वनडे क्रिकेटमध्ये दोन्ही संघ शंभरच्या आत आटोपावेत तसा प्रकार. ऐंशी मिनिटांत दोघांपैकी कुणालाच एकही ट्राय करता आला नाही. सगळेच्या सगळे सहा गुण पेनल्टीच्या किकवर आले. आणि त्या दोन गुणांच्या फरकाने लंडनचा संघ पुढच्या वर्षी सुपर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, जाऊन बसला. साखळीत पहिला आलेला टोरोंटो आहे तिथेच राहिला.

दुसऱ्या श्रेणीचे निकाल सहसा कुणी मुद्दाम वाचत नाही. वर्तमानपत्रात ते छापून आलेच तर खाली कोपऱ्यात, बारीक टाइपात. पण इंग्लंडच्या या श्रेणीचे गेल्या पंधरा वर्षांतले निकाल ओळीने लावून पाहिले की एक गोष्ट डोळ्यात भरते. विजय तोच, फरकही तोच, पण त्याची किंमत कधी सुपर लीगची जागा, तर कधी नुसती ट्रॉफी. किंमत ठरायची ती त्या वर्षीच्या नियमावर. हे समजायला २०१८ चा हंगाम सगळ्यात सोयीचा.

खेळ कोणता आणि गुण कसे मोजायचे

आधी एक घोळ मिटवायला हवा. रग्बी दोन. आपल्याकडे मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं खेळली जाते ती रग्बी युनियन. २०२५ साली मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीगही युनियनचीच, सात-सात खेळाडूंची. नावात लीग आहे म्हणून ती रग्बी लीग होत नाही. इथे विषय आहे तो तेरा खेळाडूंच्या खेळाचा.

हा दुसरा खेळ पैशाच्या वादातून निघाला. उत्तर इंग्लंडमधल्या खाणीत, गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूंचा सामन्यासाठी रजा घेतली की रोज बुडायचा. ती बुडालेली मजुरी क्लबने भरून द्यावी, अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. लंडनमधल्या कारभाऱ्यांना ते मान्य नव्हतं. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि २२ क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे १९०६ मध्ये संघातले खेळाडू पंधरावरून तेरा झाले आणि नियमही बदलत गेले. आजही या खेळाची मुळं यॉर्कशायर, लँकेशायर, कंब्रिया या उत्तरेच्या पट्ट्यातच घट्ट आहेत. लंडन, तुलूझ, टोरोंटो ही सगळी बाहेरची ठिकाणं. हे लक्षात ठेवलं की पुढच्या निकालांमागचा ताण कळतो.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हा खेळ समजायला वेळ लागत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडायचं, खाली आणायचं. फरक एवढाच की इथे पकड झाली म्हणजे खेळाडू बाद होत नाही. तो उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो आणि पुन्हा खेळ सुरू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या बाजूला. म्हणून पाचव्या पकडीनंतर बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडतात.

गुणांचा हिशेब सोपा. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, ४ गुण. ट्रायनंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी २. पेनल्टीची किक २. आणि चालू खेळात चेंडू जमिनीवर टप्पा देऊन मारलेला ड्रॉप गोल, १ गुण. त्यामुळे नुसत्या आकड्यावरूनही सामन्याचा अंदाज बांधता येतो. विषम आकडा दिसला की कुठेतरी ड्रॉप गोल आहेच. २४ म्हणजे बहुतेक वेळा चार ट्राय आणि चारही किक बरोबर. आणि ४–२ म्हणजे तीन पेनल्टी, बाकी काही नाही.

गुणतक्त्यात विजयाला २, बरोबरीला १. दोन संघ सारख्या गुणांवर आले तर केलेले गुण वजा खाल्लेले गुण, म्हणजे गुणफरक, पाहतात. सात-आठ महिन्यांच्या हंगामाचा निकाल कधी कधी या शेवटच्या रकान्यावर येऊन ठेपतो. लंडनला ते पुढे फार महागात पडलं.

दुसरी श्रेणी

दोन श्रेणींचा प्रयोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि नंतर साठच्या दशकात झाला आणि दोन्ही वेळा गुंडाळला गेला. १९७३–७४ च्या हंगामापासून मात्र दोन श्रेणी कायमच्या झाल्या. १९९६ साली वरच्या श्रेणीची सुपर लीग झाली आणि हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात आला. खालच्या श्रेणीची नावं तेवढी बदलत राहिली. २००९ पासून तिला चॅम्पियनशिप म्हणतात.

नाव काहीही असो, दोन श्रेणींमधला पैशाचा फरक मोठा. टीव्हीच्या कराराचा मोठा वाटा सुपर लीगच्या क्लबांना. खालच्या श्रेणीत बरेच संघ अर्धवेळ चालतात. खेळाडू दिवसा नोकरी-धंदा करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. एक जागा वर गेली की पूर्णवेळ करार मिळतात, एक जागा खाली आली की तेच करार मोडतात. म्हणून तर २०१५ ते २०१८ या काळात वर-खाली ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्याला ‘मिलियन पाउंड गेम’ असं बाजारू नाव पडलं. कानाला बरं वाटत नाही, पण नाव खोटं नव्हतं.

२०१८ : बारा संघ, मग चार, मग दोन

त्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये बारा संघ होते : टोरोंटो वुल्फपॅक, लंडन ब्रॉन्कोज, तुलूझ ऑलिंपिक, हॅलिफॅक्स, फेदरस्टोन रोव्हर्स, ली सेंच्युरियन्स, बॅटली बुलडॉग्ज, ड्यूजबरी रॅम्स, बॅरो रेडर्स, शेफील्ड ईगल्स, स्विंटन लायन्स आणि रॉचडेल हॉर्नेट्स. प्रत्येकाचे २३ सामने. बाकीच्या अकरा संघांशी घरी एक, बाहेर एक, असे २२. तेविसावा ब्लॅकपूलला. तिथे एकाच शनिवार-रविवारी सगळी श्रेणी जमायची, त्याला समर बॅश म्हणत.

टोरोंटो हा यातला सगळ्यात नवखा संघ. २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत सुरुवात केली आणि पहिल्याच फटक्यात वर आला. अटलांटिक ओलांडून लीग खेळणारा हा जगातला पहिला व्यावसायिक संघ. पाहुण्या संघांच्या विमानप्रवासाचा आणि राहण्याचा खर्चही टोरोंटोच करायचा. कॅनडातल्या थंडीमुळे हंगामाच्या सुरुवातीचे महिने त्यांना घराबाहेरच, म्हणजे इंग्लंड-फ्रान्समध्ये, काढावे लागत. एवढं करून साखळीत टोरोंटो पहिला, लंडन दुसरा, तुलूझ तिसरा आणि हॅलिफॅक्स चौथा. पहिल्या तिघांत उत्तर इंग्लंडचा एकही नाही, ही गोष्ट त्या पट्ट्यात कुणाला गोड लागली असेल असं वाटत नाही.

पण पहिला येऊन मिळालं काय? खरं तर काहीच नाही. त्या वेळची रचना विचित्र होती. चॅम्पियनशिपचे वरचे चार आणि सुपर लीगचे खालचे चार असे आठ संघ एकत्र आणायचे. त्याला क्वालिफायर्स म्हणत. सगळ्यांची पाटी कोरी, मागचे गुण शून्य. प्रत्येकाने बाकी सातांशी एकेक सामना खेळायचा. पहिले तीन थेट पुढच्या वर्षीच्या सुपर लीगमध्ये. चौथा आणि पाचवा यांच्यात एकच सामना, चौथ्याच्या मैदानावर, आणि त्यात जिंकेल तो शेवटच्या जागेवर. बाकी सगळे खाली.

म्हणजे टोरोंटोने फेब्रुवारीपासून जमवलेली पुंजी ऑगस्टमध्ये खातेवहीतून पुसली गेली. लंडनचीही गेली, पण लंडन दुसरा होता. पहिल्याचं नुकसान नेहमी जास्त.

सुपर लीगमधून खाली आलेले चार संघ होते लीड्स ऱ्हायनोज, हल किंगस्टन रोव्हर्स, सॉलफर्ड रेड डेव्हिल्स आणि विडनेस वायकिंग्ज. यातला लीड्स तर गतविजेता. आदल्याच वर्षी, २०१७ च्या ग्रँड फायनलमध्ये, त्यांनी कॅसलफर्डला २४–६ ने हरवलं होतं. वर्षभरात ते अशा जागी आले की हॅलिफॅक्स आणि तुलूझशी खेळून आपली जागा राखायची वेळ आली. त्यांनी ती राखली. सॉलफर्ड आणि हल केआर यांनीही राखली. विडनेसचं मात्र भागलं नाही, ते चॅम्पियनशिपमध्ये घसरले. तुलूझ आणि हॅलिफॅक्स आहेत तिथे. टोरोंटो चौथा, लंडन पाचवा.

ऐंशी मिनिटं

मिलियन पाउंड गेम चारच वेळा झाला. २०१५ मध्ये वेकफील्डने ब्रॅडफर्डला २४–१६ ने हरवून सुपर लीगमधली जागा टिकवली. २०१६ मध्ये सॉलफर्डने हल केआरला १९–१८ ने हरवलं. २०१७ मध्ये कॅटलान्स ड्रॅगन्सने लीला त्यांच्याच मैदानावर २६–१० ने नमवलं. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत या सामन्याने खालच्या श्रेणीतल्या एकालाही वर नेलं नव्हतं. २०१६ आणि २०१७ मध्ये तर दोन्ही संघ सुपर लीगचेच. २०१८ चा सामना असा एकमेव की त्यात दोघेही चॅम्पियनशिपचे होते. त्यामुळे एक जण वर जाणार हे नक्की होतं.

२०१६ च्या १९–१८ बद्दल थोडं सांगायलाच हवं. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना हल केआर १८–१० ने पुढे होता. सॉलफर्डने दोन ट्राय करून १८–१८ केली. दुसऱ्या ट्रायनंतरची किक चुकली म्हणून सामना जादा वेळेत गेला. त्यात पहिला गुण करेल तो विजयी. किक चुकवणाऱ्या गॅरेथ ओब्रायननेच मग दूरवरून ड्रॉप गोल मारला. एक गुण. हल केआर खाली. आणि हाच ओब्रायन २०१८ मध्ये टोरोंटोच्या ताफ्यात होता, म्हणजे अशा सामन्यात काय लागतं हे माहीत असलेला माणूस त्यांच्याकडे होता.

तरी निकाल ४–२. लंडनच्या दोन्ही पेनल्टी किरन डिक्सनने मारल्या. प्रशिक्षक डॅनी वॉर्ड यांचा संघ पैशाने टोरोंटोच्या पुढे कुठेच नव्हता. मैदान टोरोंटोचं, प्रेक्षक टोरोंटोचे, साखळीतला पहिला नंबर टोरोंटोचा. लंडनने काय केलं, तर समोरच्याला रेषेपलीकडे जाऊ दिलं नाही. खेळ म्हणून सामना देखणा नव्हता. पण एकही ट्राय न खाता वर गेलेला संघ, हे त्या ४–२ चं खरं वर्णन.

विशेष म्हणजे, सामना झाला तेव्हा ही रचनाच मोडीत निघालेली होती. सप्टेंबर २०१८ मध्येच क्लबांनी मतदान करून २०१९ पासून सरळ पद्धत आणायचं ठरवलं होतं. सुपर लीगचा शेवटचा एक संघ खाली, चॅम्पियनशिपच्या प्लेऑफचा विजेता वर. त्याचबरोबर चॅम्पियनशिप बारावरून चौदा संघांची झाली. त्यामुळे २०१८ मध्ये चॅम्पियनशिपमधून खाली कुणालाच जावं लागलं नाही. हिशेब जुळतो : बारातून लंडन गेला, विडनेस आला, आणि तिसऱ्या श्रेणीतून यॉर्क आणि ब्रॅडफर्ड वर आले. झाले चौदा. तळाच्या संघांना मिळालेलं हे अभय एका वर्षापुरतंच. २०१९ च्या अखेरीस बॅरो आणि रॉचडेल खाली गेलेच.

दोन गुणांनी वर, गुणफरकाने खाली

लंडन ब्रॉन्कोज हा क्लब १९८० मध्ये फुलम या नावाने सुरू झाला. १९९६ ला सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून तो तिथे होता. १९९७ ला दुसरा आला, १९९९ ला चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात पोचला आणि लीड्सकडून ५२–१६ ने हरला. मधे काही वर्षं हार्लेक्विन्स नावाने खेळला. २०१४ मध्ये अख्ख्या हंगामात एक सामना जिंकून खाली आला. म्हणजे २०१८ ची बढती ही चार वर्षांनी झालेली परतफेड होती.

२०१९ मध्ये सगळ्यांनी त्यांना आधीच शेवटच्या जागेवर बसवून टाकलं होतं. पहिल्याच सामन्यात त्यांनी वेकफील्डला ४२–२४ ने हरवलं. त्या वर्षी सेंट हेलेन्सचा संघ इतका भारी होता की साखळीच्या २९ सामन्यांत फक्त तीन हरला. त्या तीनपैकी दोन लंडनकडून! शेवटच्या दिवसापर्यंत लंडनचे १० विजय, २० गुण. तळाच्या तीन-चार संघांत एकदोन विजयांचंच अंतर होतं. १३ सप्टेंबरला वेकफील्डला वेकफील्डमध्ये हरवलं असतं तर लंडन वाचत होता. निकाल लागला १९–१०, वेकफील्डच्या बाजूने. त्याच दिवशी हल केआरही सॉलफर्डकडून हरला आणि २० गुणांवरच थांबला. दोघांचे गुण सारखे. हल केआरचा गुणफरक बरा, म्हणून तो वर, लंडन खाली. एका वर्षापूर्वी ४–२ ने आलेली जागा गुणफरकामुळे गेली.

टोरोंटोचं काय झालं? २०१९ मध्ये त्यांनी चॅम्पियनशिपच्या २७ सामन्यांपैकी २६ जिंकले. ५ ऑक्टोबरला लॅम्पोर्टवरच फेदरस्टोनला २४–६ ने हरवून सुपर लीग गाठली. न्यूझीलंडचा सोनी बिल विल्यम्स करारबद्ध झाला, मोठा गाजावाजा झाला. २०२० मध्ये लीगचे सहा सामने खेळले, सहाही हरले. मग कोविडमुळे खेळ थांबला आणि २० जुलै २०२० रोजी क्लबने उरलेल्या हंगामातून माघार घेतली. त्यांचे निकाल तक्त्यातून काढून टाकण्यात आले. नोव्हेंबरमध्ये परत येण्याचा अर्जही फेटाळला गेला. दोन वर्षं झटून मिळवलेल्या जागेचा एकही निकाल गुणतक्त्यात उरला नाही.

फेदरस्टोन : जिंकले तेव्हा दार बंद

वरच्या निकालांत फेदरस्टोन रोव्हर्स हे नाव ओझरतं आलं. खरं तर या श्रेणीचा इतिहास लिहायचा तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

फेदरस्टोन हे पश्चिम यॉर्कशायरमधलं कोळसा खाणीचं गाव. वस्ती पंधरा-सोळा हजारांची. अ‍ॅक्टन हॉल ही इथली खाण १९८४–८५ च्या मोठ्या संपानंतर लगेच, १९८५ मध्येच, बंद झाली. क्लब मात्र टिकला. एवढ्याशा गावाने चॅलेंज कप तीनदा जिंकलाय : १९६७, १९७३ आणि १९८३. शेवटचा तर हलसारख्या मोठ्या संघाला १४–१२ ने हरवून. पण सुपर लीगमध्ये हा क्लब एकदाही खेळलेला नाही.

का, ते निकालांत पाहा. २००९ ते २०१३ या पाच हंगामांत मैदानावरच्या निकालाने वर जाणं बंद होतं. सुपर लीगची जागा परवान्यावर मिळायची. स्टेडियम, ताळेबंद, प्रेक्षकसंख्या पाहून. विडनेस २०१२ ला वर गेला तो असाच, परवान्यावर. नेमक्या त्याच काळात फेदरस्टोनचा संघ सगळ्यात चांगला होता. २०१० च्या अंतिम सामन्यात हॅलिफॅक्सने त्यांना जादा वेळेत २३–२२ ने हरवलं. २०११ मध्ये त्यांनी शेफील्डचा ४०–४ असा धुव्वा उडवला. चाळीस-चार! अंतिम सामन्यात एवढा एकतर्फी निकाल क्वचितच लागतो. बक्षीस काय, तर ट्रॉफी. पुढच्या हंगामात पुन्हा चॅम्पियनशिप. २०१२ ला शेफील्डनेच २०–१६ ने उट्टं काढलं.

मग दार उघडलं. २०१९ मध्ये पाचव्या क्रमांकावरून एकेक बाहेरचं मैदान मारत फेदरस्टोन अंतिम सामन्यात गेला आणि टोरोंटोकडून २४–६ ने हरला. २०२१ मध्ये पुन्हा अंतिम सामना, या वेळी फ्रान्समध्ये, हंगामभर एकही सामना न हरलेल्या तुलूझशी. ३४–१२. तुलूझ वर गेला आणि एका वर्षात खाली आला, ही गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये उपांत्य सामना स्वतःच्या पोस्ट ऑफिस रोडवर होता, समोर अर्धवेळ खेळाडूंचा बॅटली. ३२–२८, बॅटली पुढे. अंतिम सामन्यात लीने बॅटलीला ४४–१२ ने झोडपलं. नंतर त्याच लीने लेपर्ड्स हे नवं नाव घेतलं आणि २०२३ मध्ये चॅलेंज कप १७–१६ ने जिंकून दाखवला. तिथेही तो विषम आकडा, तिथेही जादा वेळेतला ड्रॉप गोल, आणि हरणारा पुन्हा हल केआर.

२०२३ ला फेदरस्टोन साखळीत पहिला. उपांत्य सामना पुन्हा घरी. समोर पाचव्या क्रमांकाचा संघ, आणि तो संघ होता लंडन ब्रॉन्कोज.

पाचवा वर, आणि गुणपत्रक

लंडनने फेदरस्टोनला ३६–२६ ने हरवलं. मग १५ ऑक्टोबर २०२३ रोजी तुलूझच्या मैदानावर अंतिम सामना १८–१४ ने जिंकला. पाच वर्षांत दुसऱ्यांदा, दोन्ही वेळा परदेशात, दोन्ही वेळा यजमानाला हरवून लंडन सुपर लीगमध्ये आला. त्या वर्षी तळाला न्यूकॅसल आणि कीथली खाली गेले.

पण या वेळी वर जाणं म्हणजे वर राहणं नव्हतं. २०२२ मध्ये रग्बी फुटबॉल लीगने आयएमजी या कंपनीशी बारा वर्षांचा करार केला होता. त्यातून क्लबांना गुण देण्याची पद्धत आली. एकूण २० गुण. चाहते ५, मैदानावरची कामगिरी ५, आर्थिक स्थिती ४.५, स्टेडियम ३, परिसर आणि लोकसंख्या २.५. म्हणजे जिंकण्या-हरण्याला विसातले पाच, पाव हिस्सा. बाकी तीन हिस्से ताळेबंद, खुर्च्या, समाजमाध्यमांवरचे अनुयायी वगैरे. २०२५ पासून सुपर लीगमध्ये कोण, हे या गुणपत्रकावर ठरणार होतं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्येच तात्पुरतं गुणपत्रक जाहीर झालं. लंडनला ८.०७ गुण, क्रमांक २४ वा. अंतिम सामना जिंकल्याचा गुलाल उतरायच्या आत त्यांना समजलं की पुढचा हंगाम कसाही खेळला तरी जवळजवळ नक्की खाली यायचंय. अशा संघाकडे चांगला खेळाडू करार करायला कसा येईल? २०२४ मध्ये त्यांनी सुपर लीगच्या २७ पैकी ३ सामने जिंकले. हंगाम संपला आणि गुणपत्रकानुसार ते खाली आले. त्यांची जागा वेकफील्डला मिळाली. वेकफील्डने त्याच वर्षी चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात तुलूझला ३६–० ने हरवलं होतं. त्यामुळे मैदानाचा आणि कागदाचा निकाल निदान त्या वर्षी एकच निघाला.

या पद्धतीच्या बाजूनेही बोलणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. एका सामन्याच्या जोरावर वर गेलेला आणि वर्षभरात कर्ज करून बसलेला क्लब खेळाच्या काय कामाचा, असं ते विचारतात. टोरोंटोचं उदाहरण समोर आहेच. पण २०११ मध्ये ४०–४ ने जिंकूनही खाली राहिलेल्या फेदरस्टोनच्या माणसाला हे समजावून सांगणं अवघड. त्याने हा युक्तिवाद परवान्यांच्या काळातही ऐकलेला होता.

२०२५ चा चॅम्पियनशिपचा अंतिम सामना यॉर्कमध्ये झाला. तुलूझने यॉर्क नाइट्सना १०–८ ने हरवलं. सुपर लीग २०२६ पासून चौदा संघांची झाली, तेव्हा जिंकलेला तुलूझ तिच्यात गेला, हरलेला यॉर्कही गेला आणि अंतिम सामन्यात नसलेला ब्रॅडफर्डही.